माईंनी मीठ सोडलं

देवासच्या मराठी वस्तीत पंगत कुणाचीही असो, आमटीत मीठ घालायला कल्पनामाईंना बोलावणं जाणारच. माई पातेल्याजवळ जात, वास घेत, मुठीनं मीठ सोडत आणि वळून न बघता परत येत. चमच्यानं मोजून मीठ घालणाऱ्या बायकांकडे त्या जराशा दयेनंच बघायच्या. आमटी आजवर कधी बिघडली नव्हती, त्यामुळे हा तोरा लोकांनी चालवून घेतला होता.

आमटी बिघडली नसली तरी माईंचं डोकं मात्र एकदा चांगलंच बिघडलं होतं. मुलगा योगेंद्र शाळेत असताना माईंनी अंथरूण धरलं. ताप नाही, खोकला नाही, नुसतं भिंतीकडे तोंड करून पडून राहायचं. एका डॉक्टरनं उदासीवरची गोळी दिली. माई उठल्या, आणि उठल्या त्या थांबेचनात! झोप उडाली. दिवसातून किती वेळा माताजीची टेकरी चढत-उतरत, याला सुमार राहिला नाही. एका सकाळी तर अख्ख्या बाजाराला घरी जेवायचं आवतण देऊन आल्या. नवरा भाऊ, कारखान्यातला सरळमार्गी माणूस, दारात हात जोडून येणाऱ्यांना परत पाठवत होता.

शेवटी इंदूरच्या मानसोपचारतज्ज्ञांनी दुखणं ओळखलं. या आजाराला दोन टोकं असतात, ते म्हणाले. नुसती उदासीवरची गोळी दिली तर असा माणूस विहिरीतून निघतो तो थेट छपरावर जाऊन बसतो. त्यांनी लिथियम सुरू केलं. तेही एक प्रकारचं मीठच. कमी पडलं तर उपयोग नाही, जास्त झालं तर विष, आणि या दोहोंत अंतर अगदी थोडं, म्हणून रक्त तपासत राहायचं. भरपूर पाणी प्यायचं आणि जेवणातलं मीठ एकदम कमी-जास्त करायचं नाही. माईंना ते लगेच पटलं. हे तर आमटीचंच शास्त्र होतं.

गोळी लागू पडली. माई पूर्वीसारख्या झाल्या, म्हणजे हट्टी, हसऱ्या आणि सगळ्यांना कामाला लावणाऱ्या.

योगेंद्रसाठी धारचं स्थळ आलं तेव्हा घोटाळा झाला. मुलगी ऋजुता, घराणं जुनं, दरबारी. पाहुण्यांनी फळीवरची गोळ्यांची पट्टी बघितली मात्र, भाऊंनी घाईघाईनं सांगून टाकलं, "बीपीची आहे." लग्न झालं, सून घरात आली, आणि बीपीही घरात कायमचा राहिला. माईंनीही तो खपवून घेतला. बीपी म्हटलं की लोक सरबत विचारतात. डोक्याचं म्हटलं की सुऱ्या लपवतात.

यंदा आषाढात ऋजुताला दिवस गेले. बरीच वर्षं वाट बघितली होती. चातुर्मासात आवडीचं काहीतरी सोडायचं, ही वस्तीतली जुनी रीत. कुणी वांगं सोडतं, कुणी कांदा. काही हुशार मंडळी कारलं सोडतात, जे त्यांनी जन्मात खाल्लेलं नसतं. माईंना असली पळवाट मानवणारी नव्हती. देवळात दत्तोपंत गुरुजींसमोर त्यांनी संकल्प सोडला: मीठ बंद.

"वा माई! बीपीला तर छानच!" बायका म्हणाल्या.

माईंच्या मनात इंदूरच्या डॉक्टरांचं काहीतरी चमकून गेलं. पण इतकी वर्षं तब्येत ठणठणीत होती. रक्ततपासणीही गेल्या खेपेला त्यांनी पुढं ढकलली होती. आणि आता भर देवळात सांगणार तरी काय? त्या हसल्या आणि गप्प बसल्या.

ऋजुता सासूसाठी वेगळं अळणी रांधू लागली. कौतुकानं, निगुतीनं, मिठाचा कण जाऊ न देता.

श्रावण अर्धा सरला तेव्हा माईंचे हात थरथरायला लागले. आधी बारीक, मग कपातला चहा बशीत सांडेल इतके. पोट बिघडलं. भाऊ घाबरले. ऋजुता बाहेर गेल्याचं बघून ते म्हणाले, "या गोळ्यांनीच हात गेले तुझे. बंद कर आता."

"गोळी सोडली की पुन्हा ती टेकरी," माई म्हणाल्या. "नातवाला मांडीवर घ्यायचंय मला शुद्धीवर राहून." आणि त्या हट्टानं आणखीच वेळेवर गोळी घेऊ लागल्या.

सोमवारी दुपारी स्वयंपाकघरात त्यांचा तोल गेला. पळी एकीकडे, माई दुसरीकडे. जीभ जड झाली होती. भाऊ आणि ऋजुता त्यांना घेऊन दवाखान्यात धावले.

ड्यूटीवर डॉक्टर शिवानी होत्या. "कौन सी दवाई चालू है?"

भाऊंनी सुनेकडे पाहिलं. "बीपीची."

"नाम?"

भाऊंना नाव सुचेना. सुचणार कुठून? खाटेवर पडल्या पडल्या माईंना स्वच्छ कळलं की आता आपण बोललो नाही तर हे खोटं आपल्याला घेऊन जाईल. सून उशाशीच उभी होती. लाज वाटली, फार वाटली. पण माई कुणाला घाबरून गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या, आजवर बसल्या हेच नवल.

"लिथियम," त्या जड जिभेनं म्हणाल्या. "बीपी नाही मला. आणि मीठ बंद आहे."

डॉक्टर शिवानी ताडकन उठल्या. "नमक कबसे बंद है?"

"आषाढी से," ऋजुता म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

मग सगळं भराभर झालं. रक्त घेतलं, सलाईन लागलं, गोळी थांबवली. लिथियम भलतंच चढलेलं निघालं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी समजावलं: अंगातलं मीठ कमी पडलं की मूत्रपिंडं ते हातचं सोडत नाहीत, आणि मीठ समजून लिथियमही धरून ठेवतात. त्यात जुलाबानं पाणी गेलेलं. गोळी तीच, पण रक्तात विष साठत गेलं. "दवाई दुश्मन नहीं है, माई. रक्त ठीक झालं की इंदूरच्या सरांना विचारून पुन्हा सुरू करू, कमी डोसनं."

तिसऱ्या दिवशी सूप भरवता भरवता ऋजुता रडली. "माई, मी आपल्या हातानं तुम्हाला ते खाऊ घालत होते. मुझे बता देते तो? मी काय पळून गेले असते धारला?"

विषापेक्षा हे जास्त लागलं माईंना. त्यांनी सुनेचा हात धरला. "चुकलं माझं," एवढंच त्या म्हणाल्या, आणि हे वाक्य त्यांच्या तोंडून घरात कुणी फारसं ऐकलेलं नव्हतं.

घरी आल्यावर त्या दत्तोपंतांकडे गेल्या. जिवावर बेतलं की व्रत सोडायला शास्त्राची ना नाही, गुरुजी म्हणाले. मन खात असेल तर मिठाऐवजी दुसरं काही सोडा. माईंनी थोडा विचार केला. "आहे एक," त्या म्हणाल्या.

गणपतीच्या महाप्रसादाला आमटीचं पातेलं चढलं आणि माई आल्या. हात जवळजवळ स्थिर झाले होते. त्यांनी मुठीनं मीठ सोडलं, मग आयुष्यात पहिल्यांदा ऋजुताला चाखायला सांगितलं. ऋजुतानं मान डोलावली. पंगत बसली. माईंच्या पानात मीठ वाढलेलं बघून शेजारची बाई म्हणाली, "अरे माई, मीठ परत सुरू? मग यंदा सोडलं काय?"

"बीपी," माई म्हणाल्या, पंगतभर ऐकू जाईल अशा आवाजात. त्यांनी पदराच्या गाठीतून नव्यानं सुरू झालेली गोळी काढली. "तो मला कधी नव्हताच. ही डोक्याची गोळी आहे. माझं डोकं बिघडतं, ही ताळ्यावर ठेवते." पाण्याचा घोट घेऊन त्यांनी ती सगळ्यांदेखत गिळली.

आमटी वाढत भाऊ नेमके समोरच आले होते. बायका माईंकडून त्यांच्याकडे बघायला लागल्या. भाऊ कानापर्यंत लाल झाले, पण हलले नाहीत.

"बीपी मीच दिला होता तिला," ते म्हणाले, आणि माईंच्या वाटीत काठोकाठ आमटी वाढली.