तुडमाच्या घराची किल्ली

आमच्या गावच्या तलावाला कुलूप लावण्याचं श्रेय माझं आहे. मिरवण्यासारखं त्यात काही नाही, पण दुसऱ्या कोणाच्या गळ्यात ते मारताही येत नाही, कारण अर्ज माझ्या अक्षरात आहे.

गाव देवरीच्या पुढे, हायवे सोडून आत डोंगराच्या अंगाला. वर जंगल, त्याच्या उतारावर जुना तलाव आणि खाली धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. तलावाच्या पारीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, एक बुटकं दगडी घर आहे. त्याचं दार इतकं लहान की माणसाला ओणवं होऊनच आत जावं लागतं. आत दगडी उतरण आहे, तिच्यात एकाखाली एक भोकं आणि प्रत्येक भोकात लाकडी बूच. वरचं बूच काढलं की तेवढं पाणी पारीखालून पाटात जातं, पाणी उतरलं की त्याखालचं बूच काढायचं. पाणी सोडायच्या या सोयीला आमच्याकडे तुडूम म्हणतात आणि घराला तुडमाचं घर. ते कोणी बांधलं हे गावात कोणी विचारत नाही, कारण उत्तर सगळ्यांना माहीत आहे: आमच्याच लोकांनी. बुचं काढायचं काम गाव एका माणसावर सोपवतं. आधी तो माझा बाप होता, आता माझा मोठा भाऊ आहे. पाणी आधी शेवटच्या बांधीला जातं आणि मग वरच्यांना, हा त्याचा कायदा.

मी गोंदियाला इतिहास शिकवते. इतिहास शिकवणाऱ्या माणसाला आपल्या गावात काहीतरी जुनं असावं अशी फार हौस असते. शेजारच्या गावाला किल्ल्याचे चार दगड होते, तिथे संरक्षित स्मारकाची निळी पाटी होती आणि त्या गावची एक बाई आमच्या स्टाफरूममध्ये रोज ती पाटी मिरवायची. मी इरेला पेटले. सुट्टीत गावी जाऊन फोटो काढले आणि तुडमाचं घर संरक्षित करावं म्हणून पुरातत्त्व खात्याला अर्ज लिहायला बसले.

इथे मी माती खाल्ली. पाणी सोडायची जागा म्हटलं तर खातं ढुंकूनही बघणार नाही, असं मला वाटलं. पाणी काय, सगळेच सोडतात. म्हणून मी लिहिलं, 'मध्ययुगीन मंडप, बहुधा जलदेवतेचा.' 'बहुधा' हा शब्द मी विद्यार्थ्यांच्या पेपरात लाल पेनने गोल करते. स्वतःच्या अर्जात मात्र तो मला फार शोभून दिसला.

खात्याचे साहेब आले. उंच, मऊ आवाजाचे, गळ्यात कॅमेरा. ओणवे होऊन आत गेले, कपाळाला दगड लागला, तरी प्रसन्न बाहेर आले. कोपऱ्यात जादा बुचं रचून ठेवली होती, पावसाळ्यात एखादं कुजलं तर हाताशी असावीत म्हणून. त्यातली दोन साहेबांनी कापडात गुंडाळून नेली. ती आता एका संग्रहालयात काचेआड आहेत. खाली चिठ्ठी आहे: 'लाकडी खुंट्या, प्रयोजन अज्ञात, बहुधा धार्मिक.' भावाने त्या त्याच उन्हाळ्यात बीजा झाडाच्या लाकडाच्या तासल्या होत्या. मी त्याला काचेचा फोटो दाखवला तर तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "चांगल्या उतरल्या व्हत्या थ्या दोन. परत देतीन का?"

पाटी लागली तेव्हा गावाने नारळ फोडला. पाटीवर लिहिलं होतं की या वास्तूत व परिसरात कोणीही बदल, खोदकाम, बांधकाम किंवा इजा केल्यास शिक्षा होईल. दाराला लोखंडी जाळी बसली आणि जाळीला कुलूप. वहिनीने विचारलं, "बाई, मंग पाणी कसं सोडाचं?" मी म्हटलं की किल्ली चौकीदाराकडे राहील, तो इथेच असेल. चौकीदार आठ दिवस होता. मग त्याला दुसऱ्या एका स्मारकावर पाठवलं, कारण तिथे खरंच लोक यायचे. आमच्याकडे त्या वर्षात पर्यटक म्हणून एक लग्न ठरलेली जोडी आली. फोटो काढले आणि इथे धबधबा कुठे आहे असं विचारून निघून गेली.

रोवणी आटोपली आणि पावसाने दडी मारली. दोन आठवडे आभाळ कोरडं. बांध्यांतली माती आधी भुरी पडली, मग तडकायला लागली. तलाव मात्र भरलेला. भावाचा फोन आला. तो फोनवर कमी बोलतो.

"बाई, किल्ली पाह्यजे."

"चौकीदाराला फोन केलास का?"

"तो म्हणते, साहेबाले विचारा. साहेब उचलून नाई राहिले. आज उद्या पाणी नाई सोडलं त खालच्या बांध्या जाईन. मले गाव विचारून राहिला. मी काय सांगू?"

मी खात्याच्या कार्यालयात गेले. तिथला बाबू हिंदीत सुरू झाला आणि मराठीवर घसरला. त्याने मला एक फॉर्म दिला. त्यात भेटीचा उद्देश होता: अभ्यास, छायाचित्रण, चित्रीकरण, धार्मिक. मी खाली मोकळ्या जागेत लिहिलं, 'पाणी सोडणे.' बाबूने चष्मा वर केला.

"मॅडम, मंडपातून पाणी कसं सोडता?"

मी त्याला तुडूम म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्याने शांतपणे फाईल काढली आणि माझाच अर्ज माझ्यापुढे ठेवला. जलदेवतेचा मंडप. खाली माझी सही, वळणदार. तो म्हणाला, "फाईल में तो यही है. आता पाणी म्हणाल तर चौकशी लागेल, की आधी काय लिहिलं आणि का लिहिलं." मी 'पाणी सोडणे' खोडलं आणि 'अभ्यास' वर खूण केली. फॉर्म वर गेला. वर कोण बसतं हे त्या इमारतीत कोणालाच नक्की सांगता आलं नाही. भावाला मी रोज सांगत होते, आज होईल, उद्या होईल. पाचव्या दिवशी परवानगी मिळाली आणि एका दिवसापुरती किल्लीही. मी कॉलेजला दांडी मारून पहिल्या बसने निघाले. रस्ताभर मला वाटत होतं की बांध्या जळालेल्या असतील आणि गाव पाटीखाली माझी वाट बघत उभं असेल. मला खरोखर भीती वाटत होती.

गावाच्या वळणावर उतरले तर पाट खळखळून वाहत होता. शेवटच्या बांधीत पाणी, त्याच्या वरच्या बांधीत पाणी. वहिनी गुडघाभर चिखलात निंदण काढत होती. जाळीचं कुलूप जसंच्या तसं होतं.

मी पारीवर चढून घराच्या मागे गेले, तर मागची भिंत अर्धी नव्हती. तिचे दगड पारीवर ओळीने मांडले होते, प्रत्येकावर गेरूची रेघ, कुठे एक, कुठे दोन, कुठे फुली. गावचा गवंडी सावलीत बिडी ओढत बसला होता आणि आतून भावाच्या खोकल्याचा आवाज येत होता.

"तुम्ही भिंत फोडली?" मी विचारलं.

गवंड्याला राग आला. "फोडाले कायले? काढली. हे भिंत काढाचीच हाय."

मग त्याने मला सांगितलं. बाकीच्या तीन भिंती चुन्यात बांधलेल्या, पण ही मुद्दाम कोरडी रचलेली. तुडमाचा एखादा दगड तडकला तर नवा दगड त्या ओणव्या दारातून जात नाही. म्हणून बांधणाऱ्यांनीच मागची भिंत उकलता येईल अशी ठेवली. उकलायची, काम करायचं, रेघा बघून परत लावायची. त्याच्या बापाने आणि माझ्या बापाने मिळून ती दोनदा काढली होती. गेरू पुसट झाला की नवा लावायचा.

"मला हे कोणी सांगितलं नाही," मी भावाला म्हटलं. तो बाहेर येऊन हात धूत होता.

"तू कवा विचारलं?" तो म्हणाला. "तू त फोटो काढून राहिली व्हती."

त्यात टोमणा नव्हता, हेच मला जास्त लागलं. लहानपणी पोरींना तुडमाच्या घरात जाऊ देत नसत, हे खरं आहे. पण मोठी झाल्यावर मला कोणी अडवलं नव्हतं. मी आत गेले ती कॅमेरा घेऊन, आणि बाहेर येऊन देवता शोधायला लागले. संध्याकाळच्या आत त्या दोघांनी भिंत परत लावली. मी दगड उचलून द्यायला पुढे झाले तर गवंडी म्हणाला, "राहू द्या मॅडम, नंबर चुकन."

दिवाळीनंतर साहेब पाहणीला आले. भावालाही पारीवर बोलावलं होतं, स्थानिक नागरिक म्हणून. साहेब घराभोवती फिरले आणि मागच्या भिंतीपुढे थबकले. त्यांनी दगडांवरून हात फिरवला.

"चुना नाही आणि तरी बघा, शेकडो वर्षांत एक दगड हललेला नाही," ते म्हणाले. "आणि या खुणा. त्या काळच्या कारागिरांच्या खुणा आहेत या. मॅडम, असं फार कमी ठिकाणी सापडतं."

गेरू श्रावणातला होता. भाऊ तलावाकडे बघत होता. साहेबांना खरं सांगितलं असतं तर पाटीवरची शिक्षा भावाला लागू होती, आणि नाही सांगितलं तर मी जन्मभर काय शिकवलं हा प्रश्न होता. मला फार विचार करावा लागला नाही.

"हो सर," मी म्हटलं, "दुर्मिळच आहे."

साहेब इतके खूश झाले की त्यांनी तिथल्या तिथे मला या वास्तूची मानद रक्षक ठरवून टाकलं आणि कुलपाची दुसरी किल्ली माझ्या हातात दिली. गाडी दिसेनाशी होईपर्यंत मी ती मुठीत धरून होते. मला वाटलं की सुटलो एकदाचे. सगळी चूक निस्तरली. मी किल्ली भावापुढे धरली.

"घे. आता कोणाला विचारायला नको."

त्याने हात पुढे केला नाही. खांद्यावरच्या दुपट्ट्याने तोंड पुसलं.

"ठेव बाई तुह्याजवळच. साहेबाचे लोक येतीन त कुलूप खोलून दाखवाले कामी येईन. आमाले मागच्या बाजूनं जमते."

"अरे, पण मी आणली ती तुझ्यासाठीच ना?"

"हो ना," तो म्हणाला. मग तो पारीवरून उतरायला लागला, आणि मी लहान असताना करायचा तसा मला आधार द्यायला मागे वळून थांबला. मी त्याचा हात धरून खाली आले. पाटाच्या काठाने आम्ही घराकडे चाललो. धान पिवळं पडत आलं होतं, कापणीला थोडे दिवस राहिले होते. मी विषय काढला की आता उन्हाळ्याच्या सुट्टीत चांगली महिनाभर येऊन राहीन.

"ये ना," भाऊ म्हणाला. "घर तुहंच हाय. फक्त यावाच्या आधी फोन करत जा."

माझ्या माहेरी मला आजवर कोणी फोन करून ये म्हटलं नव्हतं. मी विचारलं, "काऊन रे?"

"उन्हाळ्यात दगड बदलाचा हाय तुडमाचा," तो समोर बघत म्हणाला. "तू येशीन तवा भिंत लावून ठेवा लागन."