प्रात्यक्षिकाची मुलगी

अंगणवाडी सेविकांना शिकवायचं काम मी करते. लहान मूल बोलत का नाही, नजर का देत नाही, डोकं का आपटतं, हे वेळेवर ओळखायचं कसं आणि त्याच्या आईशी बोलायचं कसं, एवढाच विषय. प्रशिक्षण तीन दिवसांचं असतं. आज रिसोड, पुढच्या महिन्यात मालेगाव, असं वाशीम जिल्हाभर माझं फिरणं चालू असतं.

सुरुवातीला मी चित्रं दाखवून शिकवायचे. बाया वहीत लिहून घ्यायच्या आणि जेवणानंतर पेंगायच्या. रिसोडच्या प्रशिक्षणात केनवडकडच्या एका वस्तीवरची सेविका पहिल्या दिवशी संध्याकाळी माझ्याजवळ आली. म्हणाली, "मॅडम, तुमी सांगून राह्यल्या ना, तशीच एक पोरगी माह्या अंगणवाडीत हाये. उद्या आनू का?"

मी म्हणाले, "आणा."

दुसऱ्या दिवशी ती मायलेकींना घेऊन आली. मुलगी तीन वर्षांची. तेल चोपडून घातलेल्या दोन शेंड्या, गालावर काजळाचा टिक्का, घडीचा पिवळा फ्रॉक. आई फार तर तेवीस वर्षांची असेल. काळीपिवळी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून आल्यामुळे तिचं लुगडं चुरगळलं होतं, पण पोरीच्या फ्रॉकवर एक सुरकुती नव्हती.

मी मुलीला सतरंजीच्या मधोमध बसवलं आणि मागून तिच्या नावानं तीन हाका मारल्या. तिनं मान वळवली नाही. तिच्यापुढे बाटलीचं झाकण ठेवलं, ती ते फिरवतच राहिली. पंखा लावला तशी ती टाचा उचलून उभी राहिली आणि दोन्ही हात पाखरासारखे झटकू लागली. एक बाई हसली, शेजारणीनं तिला कोपरानं डिवचलं. आदला अख्खा दिवस सांगून जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते अर्ध्या तासात शिरलं. त्या दिवशी जेवणानंतर कोणी पेंगलं नाही. मला फार आनंद झाला होता, हे कबूल करते.

निघताना मुलीच्या आईनं विचारलं, "आता कवा आनू, मॅडम?"

"पुढच्या महिन्यात मालेगावला आहे. याल का?"

"येतो ना. नाई कायले म्हनू?"

मालेगावला ती आली. मग वाशीमला आली. प्रत्येक वेळी घरून पहाटे निघायची, पोरीला मांडीवर घेऊन दोन-दोन गाड्या बदलायची. मी तिला जेवू घालायचे, पोरीसाठी बिस्किटाचा पुडा द्यायचे. आमच्या कार्यालयात माझ्या प्रशिक्षणाचं नाव झालं होतं. वरिष्ठ म्हणाले, "ते मूल दाखवता ते फार परिणामकारक होतं, सोडू नका." मी सोडलं नाही. आई काय समजून येते आहे, हे मी विचारलं नाही. सेविकेला ठाऊक असावं. पण घरच्यांनी पाठवावं म्हणून तिनंही गोल गोल सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं.

चौथी खेप मंगरूळपीरला, दिवाळीच्या आधी. सकाळचं सत्र झालं, जेवणं सुरू झाली. मी ताट घेऊन खिडकीपाशी बसले होते. पलीकडे एक म्हातारी मदतनीस त्या आईशी बोलत होती.

"काय वं, पोरगी सुधरून राह्यली का काही?"

"मॅडमचा इलाज चालू हाये," आई म्हणाली. "चवथी खेप हाये ही. सासू म्हने, अजून फरक काहून नाई? मी म्हनलं, दम धरा. तपासाले टैम लागते."

मी ताट खाली ठेवून तिच्याजवळ जाऊन बसले. मला पाहून ती आपणहूनच म्हणाली, "मॅडम, अजून किती खेपा लागतीन? आमाले ऊसतोडीले जाचं हाये दिवाळी झाल्यावर. त्याच्या आंधी बोलन का पोरगी?"

मी म्हणाले, "बाई, हा इलाज नाही."

तिनं पोरीला मांडीवर ओढून घेतलं.

"या बायांना शिकवायचं असतं. असं मूल ओळखायचं कसं, ते. म्हणून तुमच्या मुलीला बोलावत होते."

"म्हंजे मायी पोरगी पाहून ह्या शिकल्या?"

"हो."

"आन् मायी पोरगी?"

ती पोरीच्या बोटांना चिकटलेली भाताची शितं एकेक करून काढत बसली. शितं काढता काढताच म्हणाली, "पावसाळ्यात डाक्टर आल्ते अंगनवाडीत. त्याइनं चिठ्ठी देल्ती, अकोल्याले न्या म्हने मोठ्या दवाखान्यात. मी नेलं नाई. म्हनलं, मॅडमकडं चालू हाये ना. चिठ्ठी पेटीत ठेवली हाये." आणि मग, "तुमी सांगतलं काहून नाई?"

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

"चुकलं माझं," मी म्हणाले. मराठीत याहून मोठा शब्द असेल, तर तो मला तेव्हा आठवला नाही.

दुपारचं सत्र सुरू व्हायची वेळ झाली. बाया वह्या घेऊन गोल करून बसल्या. मी त्यांना सांगणार होते की आता मूल दाखवायचं नाही. पण मी उभी राहायच्या आतच ती आई उठली. पोरीला कडेवर घेऊन आली, सतरंजीच्या मधोमध बसवलं, फ्रॉक सारखा केला.

"घ्या, मॅडम," म्हणाली. "आलोच हाओत तं ह्याइले तं शिकू द्या. दुसऱ्या कोन्या पोराच्या कामी येईन."

आणि मी सत्र घेतलं. मागून हाका मारल्या. झाकण ठेवलं. बायांनी लिहून घेतलं. माझ्या आयुष्यात मी अनेक गोष्टींची लाज बाळगते, पण त्या अर्ध्या तासाएवढी कशाचीच नाही.

दिवाळीनंतर मी गाडी करून त्यांच्या वस्तीवर गेले. दोघींना अकोल्याला नेऊन आणायचं ठरवलं होतं. दाराला कुलूप होतं. सेविका म्हणाली, "परवाच टोळी गेली, मॅडम. पोरीले घेऊनच गेले. ठेवतीन कोनापाशी? सासूलेही कोयता घिऊन तोडीले जा लागते."

सहा महिने गेले. उन्हाळ्यात टोळी परतल्याचा सेविकेचा फोन आला आणि मी दुसऱ्याच दिवशी गेले. मुलगी घराच्या सावलीत होती. उंच झाली होती, केस कापून टाकले होते. कमरेला जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली, तिचं दुसरं टोक बाजेच्या पायाला. मी पाहते आहे हे पाहून आई म्हणाली, "उसात घुसे. एक डाव ट्याक्टरच्या चाकापाशी जाऊन बसली. मंग बांधूनच ठेवो दिवसभर." मी चिंधी सोडली. मुलगी तिथून हलली नाही. चिंधीच्या जागी कमरेला काळपट, जाड कातडीचा पट्टा उमटला होता. आधी ती झाकण फिरवायची, आता हातात काही दिलं तरी खाली पडू द्यायची.

आम्ही अकोल्याला गेलो. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सगळं समजावून सांगितलं आणि दर आठवड्याला यायला सांगितलं. मला म्हणाल्या, "वर्षभर आधी आणायला हवं होतं." आई शेजारीच उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. आम्ही तीन आठवडे गेलो. मग पेरणी आली, तिचं येणं थांबलं. मग मीच शनिवारी तिच्या घरी जाऊ लागले. सेविकांना शिकवायचे तेच तिला शिकवलं: पोरीच्या समोर बसून, तिच्या हातात हात घालून, एकाच शब्दानं एकच गोष्ट मागायला लावायची. ती माझ्याशी कामापुरतं बोलायची. पण सांगितलेलं सगळं करायची. पोळ्याच्या सुमाराला मुलगी आईचं बोट धरून तिला पाण्याच्या माठापाशी ओढत नेऊ लागली. बोलली काही नाही.

प्रशिक्षणात आता मी मूल आणत नाही. बाया पुन्हा पेंगतात. वरिष्ठांनी एकदोनदा विचारलं, मग सोडून दिलं.

यंदाही दिवाळी झाल्यावर टोळी गेली. मी टोळीच्या मुकादमाला भेटले, सेविकेला घेऊन सासूला भेटले. मुलीला मागं ठेवायला कोणी नव्हतं, आणि आईला मागं राहणं शक्य नव्हतं. गेल्या आठवड्यात दुपारी मला अनोळखी नंबरवरून फोन आला. तीच होती.

"मॅडम, पोरगी हात चावून राह्यली सोताचाच. रगत येते. काय करू?"

मी जे शिकवते ते सांगू लागले. "आवाजाचा त्रास होत असेल. गडबडीतून जरा बाजूला न्या. शांत जागा पाहा, जवळ घेऊन बसा."

"बाजूला कुठी नेऊ, मॅडम? चारी बाजूनं ऊसच हाये."

मागून कोणीतरी तिला हाक मारत होतं. ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला. मी म्हणाले, "थांबा, मी विचार करून सांगते." ती म्हणाली, "बरं," आणि फोन ठेवला. त्या नंबरवर मी रोज लावून पाहते. तो दुसऱ्याच बाईचा आहे, टोळीतल्या. ती म्हणते, सांगते तिला, उसाच्या फडात हाये.