पितळेची डबी

मुलांनो, गच्चीवरचं सोलर पॅनेल मी रोज सकाळी पुसते आणि दुपारपर्यंत त्यावर पुन्हा धूळ बसते. चिडचिड होते. पण खरा राग जुना आहे.

तुमचे आजोबा भाताच्या तुसाच्या राखेतून अशा पॅनेलना लागणारं शुद्ध सिलिकॉन स्वस्तात काढायच्या खटपटीत होते. वर्षभराच्या कष्टांची चिमूटभर तपकिरी पूड तपासणीला पाठवायची म्हणून त्यांनी घरी आणून ठेवली. तिची ती मळकट बाटली मला बघवेना. मी पूड पितळेच्या डबीत भरली आणि वर नावाची चिठ्ठीही लावली.

“अगं, कशात भरलंस हे?”

“चिंचेने घासलीय डबी. बघा, तोंड दिसतंय त्यात!”

“तोंड दिसून काय करायचंय? लाखात एक परका कण चालत नाही तिला.”

तपासणीच्या तारखेआधी दुसरी पूड करायला वेळ उरला नव्हता. काम बंद पडलं. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. उलट पाहुण्यांना कौतुकाने सांगायचे, “हिचं घर म्हणजे आरसा!” त्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं.

गच्चीवरचं पॅनेल परदेशातून आलंय. आज पुसता पुसता त्यात माझं तोंड दिसलं. फडका तिथेच टाकून मी खाली आले.