लिस्बनचे बांगडे

फिरून आलं की लोक विचारतात, सगळ्यात चांगलं काय वाटलं? स्वित्झर्लंड सुंदर आहे, त्याबद्दल वाद नाही, पण दुसऱ्याच दिवशी मला कॅलेंडरसमोर बसवून ठेवल्यासारखं वाटायला लागलं. सिंगापूरला चॉकलेटचा कागद दिवसभर पर्समध्ये घेऊन हिंडले, टाकायची भीती वाटली म्हणून. इस्तंबूलला मात्र एका आजीबाईंनी न विचारता माझा हात धरला आणि मला रस्ता ओलांडून दिला. त्या शहराला कोणी नावं ठेवलेली मला अजून खपत नाहीत. माझं हे असंच आहे. इमारती माझ्या लक्षात राहत नाहीत, कोण कसं वागलं ते राहतं. म्हणून माझा पहिला नंबर लिस्बनचा. तिथे एक मासेवाली माझ्या सासूबाईंवर ओरडली होती.

आम्ही लालबागचे. चाळ जाऊन टॉवर आला, आता लिफ्टने वर जातो, पण मासळी बाजार तोच आणि तिथला आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, दराराही तोच होता. बांगड्याचा कल्ला उचलून बघायचा, पोट दाबायचं, नाक मुरडून परत ठेवायचा आणि चालू लागायचं. कोळीण मागून उद्धार करायची. मग आई वळायच्या, दोघींचं वाजायचं, आणि शेवटी दोघीही खूश. सासरे म्हणायचे, ही बाजारात भांडायला जाते, मासे येताना मिळतात.

सासरे गेले आणि ते सगळं थांबलं. तेरावं झाल्यावर घरात पुन्हा मासे आले. आईंना कोणी मनाई केली नव्हती, आमच्यात तसं काही नाही. पण त्यांनी आपली तुकडी उचलून माझ्या ताटात ठेवली आणि म्हणाल्या, माका नको. मग वरण-भातावर आल्या, मग तोही चिमूटभर. अंगातलं पोलकं खांद्यावरून उतरायला लागलं. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि सांगितलं की आजार काही नाही, पण या अशाच खात राहिल्या तर फार दिवस निघणार नाहीत.

आम्ही मग त्यांना तळहातावरच्या फोडासारखं जपायला लागलो. त्यांचा मुलगा तर मुळातच मऊ. पण माझी जीभ तिखट म्हणून साऱ्या मजल्याला माहीत, तीसुद्धा साखरेत घोळवल्यासारखी झाली. आई जे म्हणतील त्याला हो. वर्षभर घरात कोणी आवाज चढवला नाही. लिस्बनची तिकिटं काढायची वेळ आली तेव्हा त्यांना मागे ठेवायचा धीर होईना, म्हणून बरोबर घेतलं.

लिस्बन म्हणजे नुसते चढउतार. अरुंद गल्ल्यांतून ट्राम जाते, घरांच्या भिंतींना निळ्या फरशा, आणि खिडक्यांबाहेर ठाकूरद्वारच्या वाड्यांत वाळतात तसे कपडे वाळत असतात. मला पहिल्याच तासाला आवडलं. आई खाली मान घालून चालत होत्या. नवरा दर चौकात म्हणायचा, आई, ते बघ. त्या बघायच्या, पुन्हा मान खाली.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी आम्ही फळं घ्यायला तिथल्या बाजारात शिरलो. फळांच्या पलीकडे मासळी होती. बर्फावर बांगडे मांडलेले, आपल्यापेक्षा लांबट, पाठीवर नागमोडी पट्टे. मी दर बघायच्या आत आईंचा हात पुढे गेला होता आणि त्यांनी कल्ला उचललासुद्धा.

मासेवाली कडाडली. त्या बाजारात मालाला हात लावायचा नसतो, हे मला तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं. बाई चांगली थोराड, केस पांढरे, कमरेला रबरी ॲप्रन. नवऱ्याने दोघींनाही सॉरी म्हणायला सुरुवात केली. आईंनी हात मागे घेतला, आणि मला वाटलं, संपलं, आता या उद्या खोलीबाहेरही पडणार नाहीत.

पण त्यांनी पदर खोचला.

"हात लावल्याशिवाय घेऊचो कसो? कालचो बांगडो आसा तुझो."

तिला शब्द कळायचं कारण नव्हतं, पण सूर बरोबर पोचला. ती तिच्या भाषेत तडतडायला लागली, आई त्यांच्या. नवरा मध्ये पडायला निघाला तेव्हा मी त्याची बाही धरून मागे ओढलं. वर्षभरात आईंचा असा आवाज मी ऐकला नव्हता. मासेवालीने शेवटी बर्फाखालून दुसरा बांगडा ओढून काढला आणि कल्ला उघडून आईंच्या नाकासमोर धरला. आत लालभडक. आईंनी वाकून पाहिलं आणि बोटांनी दोन अशी खूण केली.

दोनच. एक मुलाला, एक मला.

भाड्याच्या घरातल्या एवढ्याशा ओट्यावर त्यांनी ते साफ केले. मालवणी मसाला मी प्रत्येक प्रवासात नेते. कोकम नव्हतं म्हणून लिंबू पिळलं, तेही कुरकुर करत. तळून आम्हाला वाढले आणि स्वतः वाटीत दहीभात घेऊन समोर बसल्या. मासा उत्तम झाला होता. मी पहिला घास गिळला आणि मला दुपारची ती बाई आठवली. आम्ही वर्षभर गोड बोलून जे करू शकलो नव्हतो, ते ती ओरडून करून गेली होती.

"मीठ कमी पडलंय," मी म्हटलं.

नवऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी आईंना ढकललं. आईंची मान वर आली. स्वयंपाकाला नावं ठेवलेली त्यांनी सासऱ्यांचीही कधी ऐकून घेतली नव्हती. त्यांनी हात लांब केला, माझ्या ताटातला तुकडा मोडला आणि तोंडात टाकला. चावला. आणखी एक मोडला, खात्री करायला.

"मीठ बरोबर आसा. तुझीच जीभ बिघडली हा."

मी हट्टाने म्हटलं, डोक्याकडे कमी आहे. त्यांनी डोकं घेतलं. ते चोखून झाल्यावर शेपटीकडचं बघितलं. मी भांडत राहिले आणि त्या खात राहिल्या, माझ्या ताटात नुसता काटा उरेपर्यंत. मला रडू फुटलं आणि मी ते लपवलं नाही. त्या लिस्बनच्या बाईला मी नावाने ओळखत नाही, पण तिच्या त्या ओरडण्याचे उपकार मी जन्मभर मानीन.

आईंनी बोटं पुसली आणि मुलाला विचारलं, ता मार्केट उद्या उघडा आसता काय? तो हो म्हणाला.

"मगे तिघांक पुरतीत इतके हाडूया," त्या म्हणाल्या.