डब्यातला वरचा नग

अब्दुल सत्तार हा माणूस नत्थुजींना खरं म्हणजे फारच थोडा माहीत होता. सत्तारभाई पुण्यात वारल्याची बातमी अकोल्याला आली तेव्हा एमआयडीसीतल्या दोघाचौघांनी नत्थुजींना घेरलं. "तुमी तं रोजचे बसणारे. सांगा ना काही, कसा होता माणूस?" नत्थुजींनी घसा खाकरला आणि म्हणाले, "चांगला होता." पुढे काही सुचेना. घरी गेल्यावर त्यांना स्वतःचाच राग आला. एवढी वर्षं ज्याच्या दुकानात दुपार काढली, त्याच्याबद्दल आपल्याजवळ दोन वाक्यं नसावीत?

सत्तारभाई अंजनगाव सुर्जीचे, चहात साखर अर्धीच घेत आणि लेथ, म्हणजे धातू कातायचं यंत्र, सुरू असताना कुणाशी बोलत नसत, एवढं नत्थुजी सांगू शकले असते. ते स्वतः एका जिनिंग फॅक्टरीत स्टोअर सांभाळत. रोलरच्या बुशा, पिना, शाफ्ट, सगळं सत्तारभाईंकडून करून घ्यायचे. बुश म्हणजे दांडा जिच्यात फिरतो ती धातूची बांगडी. निवृत्त झाल्यावर काम संपलं, पण पाय सवयीनं तिकडेच वळत. दाराशी एक लाकडी बाक होता. त्यावर बसायचं, यंत्राचा आवाज ऐकायचा, चहा आला की प्यायचा. बोलणं व्हायचं ते पोलादाचं, उन्हाचं, डाळ मिल कुठली बंद पडली त्याचं. मनातलं असं काही दोघांपैकी कुणी काढलं नाही. नत्थुजींना ते जमत नसे आणि सत्तारभाईंना बहुधा गरज वाटत नसावी.

त्यातल्या त्यात लक्षात राहिलं ते शेवटचं वर्ष. त्या वर्षी सत्तारभाई एका जागी बसले म्हणून नाहीत.

झालं असं, की नागपूरच्या एका कारखान्यातून नीलम नावाची मुलगी आली. तिचा कारखाना परदेशातल्या एका मोठ्या विमान कंपनीला जोडणीचा माल पुरवायचा, आणि त्यासाठी तिला लहान लहान वर्कशॉप हवी होती. कुणीतरी तिला सत्तारभाईंच्या हाताबद्दल सांगितलं होतं. तिनं बाकावरच लॅपटॉप उघडला. नत्थुजी उठायला लागले तर म्हणाली, "बसा ना काका, तुम्हीपण बघा."

"बेटा, आधी एक सांग," सत्तारभाई चिंधीनं हात पुसत म्हणाले, "हे कंपनी विमान बनवते म्हंजे नेमकं काय काय बनवते?"

नीलमनं चित्रं दाखवायला सुरुवात केली. पहिलं विमान, मधे एकच वाट आणि दोन्हीकडे तीन-तीन खुर्च्यांचं. सगळ्यात जास्त खपतं ते हेच; आज मागितलं तर कैक वर्षांनी मिळतं. मग दोन वाटांचं, पोटानं मोठं, समुद्र ओलांडून जाणारं. मग नुसता माल नेणारं. हेलिकॉप्टरचा धंदा वेगळा. लष्कराला लागणारं, शेपटीकडून दार उघडणारं विमान वेगळं. आणि आकाशात फिरत राहणारे उपग्रह, त्यांचाही एक विभाग.

"अन् पैसा कशात हाय?" सत्तारभाईंनी विचारलं.

"विकण्यात आहेच. पण चाचा, विमान एकदा विकलं की पंचवीस-तीस वर्षं उडतं. तेवढी वर्षं त्याला सुटे भाग लागतात, दुरुस्ती लागते, पायलटला शिकवावं लागतं. प्रवाशांचं विमान जुनं झालं की खुर्च्या काढून मालाचं करून देतात, त्याचेही पैसे."

सत्तारभाईंनी मांडीवर थाप मारली. "आयकलं का नत्थुजी? हे तं आपल्या जिनिंगवानीच हाय! मशीन एकडाव विकते अन् रोलर जनमभर!"

"आणि सगळं एका जागी बनत नाही," नीलम म्हणाली. "पंख एका देशात, शेपूट दुसऱ्या, पोट तिसऱ्या. शेवटी एका ठिकाणी आणून जोडतात."

"म्हंजे लगनावानी. सारे आपापल्या गावाहून येते अन् मांडवात एक होते."

नत्थुजी सहसा मधे बोलत नसत, पण त्या दिवशी बोलून गेले, "अन् एखाद्या मामाची गाडी लेट झाली तं?"

"तर नवरदेव तसाच उभा," नीलम हसली. मग एकदम गंभीर झाली. "म्हणूनच इथे दोन गोष्टींना माफी नाही. एक वेळ आणि दुसरा हिशेब. प्रत्येक नग कुठल्या सळईतून निघाला, कुणी केला, कधी केला, हे तीस वर्षांनीही सांगता आलं पाहिजे."

सत्तारभाईंना करायची होती बुशच, सामान ठेवायच्या कप्प्याच्या बिजागरीतली. आधी डझनभर नमुने. ते पास झाले तर दरमहा काम.

त्या दिवसापासून माणूस बदलला. लेथ बंद करायचा आणि दारात येऊन उभा राहायचा. पुन्हा आत जायचा. विमान गेल्याचा आवाज आला की मान वर. एका सकाळी नत्थुजींच्या दारात हजर. "चला."

"कोठी?"

"अमरावतीले. बेलोऱ्याले मुंबईचं विमान उतरते. पाहून येऊ."

"काहून बाप्पा? तिकीट नाई, पाहुणा नाई..."

"ज्याच्यासाठी बुश बनवून राहिलो ते डोळ्यांनं पायलं पायजे का नाई?"

एसटीनं बडनेरा, तिथून ऑटो. आत कुणी सोडणार नव्हतंच. रस्त्याच्या कडेला, बाभळीच्या अर्ध्या सावलीत दोघं उभे राहिले. विमान आलं ते लहानसं, पंख्यांचं. सत्तारभाईंनी ते उतरेपर्यंत श्वास सोडला नाही. मग म्हणाले, "हे तं लहान हाय. आपलं याच्याहून मोठं." 'आपलं' हा शब्द ऐकून नत्थुजींना हसू आलं, पण ते हसले नाहीत. परतीच्या गाडीत सत्तारभाई तीनदा जागा बदलून बसले. इतकं काय लागून राहिलंय, हे विचारावं असं नत्थुजींना वाटलं. विचारलं मात्र नाही.

ते कळलं सत्तारभाईंच्या बायकोकडून, हलीमाबींकडून. सत्तारभाई बाजारात गेले होते आणि त्या डबा घेऊन आल्या होत्या. "नत्थुभाऊ, तुमीच समजवा त्याइले. जेवत नाई का झोपत नाई. आमच्या शाकीबनं सांगतलं ना, या दिवाळीपर्यंत हे विमानाचं काम भेटलं तं ठीक, नाई तं शेड विकायची अन् सामान बांधून पुण्याले यायचं. दोघाइले एकटं ठेवत नाई म्हणते पोरगं, आता वय झालं."

नत्थुजींनी हातातला चहा बाकावर ठेवला.

"तुमाले सांगतलं नाई का त्याइनं?" हलीमाबींना नवल वाटलं.

"नाई."

"अजब माणूस हाय!"

त्या संध्याकाळी नत्थुजींना घरी करमेना. दुकान बंद झालं तर सत्तारभाई पुण्याला जातील, हे खरं. पण आपण दुपारी कुठे जायचं, हा विचार त्यांच्या मनात आधी आला. त्याची त्यांना लाज वाटली, आणि तरी तो विचार जाईना.

नमुने झाले. नीलमच्या कारखान्यातून आलेल्या सळईतूनच कापलेले, एकेकावर बारीक नंबर कोरलेला. सत्तारभाई एक नग उचलायचे, मोजायचे, ठेवायचे आणि पुन्हा तोच उचलायचे. "राहू द्या आता, झिजून जाईन मोजून मोजून," नत्थुजी म्हणाले, तेव्हा कुठे डबा भरायला घेतला. खाली मऊ कागद, त्यावर बारा बुशा. मग सत्तारभाईंनी खिशातून एक बुश काढली आणि वर ठेवली.

हे नत्थुजींनी पाहिलं आणि त्यांना त्यात काहीही वेगळं वाटलं नाही. सत्तारभाईंचा माल घेतला की डझनावर एक मिळायचाच. नत्थुजींनी स्टोअरमध्ये असताना तसे कितीतरी वरचे नग मोजून घेतले होते. सगळ्या एमआयडीसीत तीच रीत. भाजीवाली मूठभर सांभार, म्हणजे कोथिंबीर, वर टाकते तसं. त्यात हिशेब नसतो, नातं असतं. सत्तारभाई म्हणायचे, "बरोबर मोजून देल्लं का बरकत जाते."

डबा नागपूरला गेला. पाचसहा दिवसांनी नीलमचा फोन आला. सत्तारभाईंचे हात तेलाचे होते म्हणून फोन बाकावर ठेवून मोठ्यानं लावला होता, त्यामुळे नत्थुजींना सगळं ऐकू आलं.

"चाचा, डब्यात तेरा नग कसे?"

"वरचा एक तुमचा, बेटा. त्याचे पैसे नाई."

"त्यावर नंबर नाही."

"नंबर कायले? तो तं खुशीचा."

"चाचा," नीलमचा आवाज कापत होता, रागानं की रडू आल्यानं ते कळत नव्हतं, "तो कुठल्या सळईचा?"

"तुमच्याच. उरलेल्या तुकड्याचा. कसम खाऊन सांगतो."

"कसम कुठे लिहू मी? बिनहिशेबाचा एक नग डब्यात सापडला की बाकीच्या बाराचाही भरवसा जातो. सगळा डबा लाल पट्टी लावून कुलपात ठेवलाय. आमच्याकडे चौकशी लागली. तुम्हाला यावं लागेल."

फोन बंद झाल्यावर सत्तारभाई उभेच. "फुकट देल्लं तरी गुन्हा?" ते म्हणाले. मग स्वतःच, खालच्या आवाजात, "पण पोरगी बरोबर हाय. उद्या असाच कोणाचा खुशीचा नग विमानात लागला तं?"

नागपूरला दोघं गेले. काचेच्या खोलीत दोन साहेबांनी पुन्हा पुन्हा तेच विचारलं आणि सत्तारभाईंनी पुन्हा पुन्हा तेच सांगितलं. नत्थुजींना म्हणावंसं वाटत होतं, की अहो, आमच्याकडे असंच देतात, मी स्वतः घेतलेत. पण खोली थंड होती, साहेब तरुण होते, आणि ओठ काही उघडले नाहीत. शेवटी तो वरचा नग सर्वांसमोर कापायचा ठरलं, म्हणजे चुकूनही कुणी वापरू नये. कापायच्या यंत्राशी नीलम उभी होती. सत्तारभाई म्हणाले, "मीच कापतो." नियमात बसत नव्हतं. त्यांनी नुसतं पाहिलं. दोन तुकडे झाले तेव्हा त्यांनी एक तुकडा मागितला. तेही नियमात बसत नव्हतं.

बाहेर पडताना नीलम हळूच म्हणाली, "नवे नमुने पाठवा चाचा. मी भांडून घेतलंय. पण आता पुन्हा सगळं पहिल्यापासून, तपासणीला वेळ लागेल."

नव्या नमुन्यांचा डबा भरताना सत्तारभाईंची जी तगमग झाली ती नत्थुजींच्यानं बघवेना. बारा ठेवले, झाकण लावलं. काढलं. आत पाहिलं. "खाली खाली वाटते," म्हणाले. हात खिशाकडे जायचा आणि परत यायचा. खिशात काही नव्हतं. "लावा झाकण," नत्थुजी म्हणाले. "तुमीच लावा," सत्तारभाई म्हणाले आणि पाठ करून उभे राहिले. नत्थुजींनी झाकण लावून वरून चिकटपट्टी ओढली.

नंतरचे दिवस नुसते वाट पाहण्याचे. जिनिंगवाले काम घेऊन आले तर सत्तारभाई म्हणत, "ठेवा, पाहू." फोन वाजला की लेथ बंद. एकदा चांगला झालेला शाफ्ट चुकून वाकडा कापला गेला; असं त्यांच्या हातून झालेलं नत्थुजींनी कधी पाहिलं नव्हतं. "नीलमले फोन लावून पाहा ना," नत्थुजी म्हणाले. "नाई. पोरगी माह्यासाठी आधीच लई बोलणे खाऊन बसली."

दिवाळीच्या थोडं आधी नीलम स्वतः आली. चहा नको म्हणाली, मग घेतला. नमुने पास झाले होते, एकही खोट नव्हती. पण मधल्या चौकशीत जो वेळ गेला, तेवढ्यात वरच्या विमान कंपनीनं ते काम कोइमतूरच्या एका वर्कशॉपला देऊन टाकलं होतं. एकाच भागाला दोन पुरवठादार ते आत्ता घेत नव्हते. पुढच्या वर्षी बघू म्हणाले होते.

"पास झाले ना पण?" सत्तारभाईंनी विचारलं.

"पैकीच्या पैकी, चाचा."

"मंग ठीक हाय." आणि त्या दिवशी किती तरी महिन्यांनी ते खाली बसले, नत्थुजींच्या शेजारी, बाकावर. फार वेळ नाही. पाय हलतच होता.

शाकीब आला, दोन दिवसांत व्यवहार झाला. शेड एका प्लास्टिकच्या पाइपवाल्यानं घेतली. लेथ मूर्तिजापूरचा एक जण घेऊन गेला. ट्रकवर चढवताना सत्तारभाई हमालांवर ओरडत होते, "अरे सोटे हो, पलंग नोहे तो! खालून धरा!" ट्रक गेल्यावर जमिनीवर लेथच्या पायांचे चार काळे डाग तेवढे राहिले, आणि सत्तारभाई त्यांच्या मधोमध, नेहमी उभे राहायचे तिथेच जाऊन उभे राहिले.

नत्थुजी दाराशी होते. त्यांना पुष्कळ विचारायचं होतं. तुम्ही मला शाकीबचं का नाही सांगितलं? पुण्यात तुम्ही दिवसभर करणार काय? आणि नागपूरला त्या खोलीत मी एक शब्द बोललो असतो तर काही फरक पडला असता का? यातलं एक जरी विचारलं असतं, तर कदाचित आज लोकांना सांगायला काही असतं. त्यांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली.

"ऊन लई हाय," सत्तारभाई म्हणाले. "उतरल्यावर निघा."

"नाई, ऑटो भेटते नाक्यावर. तुमी जेवले का?"

"जेवतो. पाइपवाल्याले किल्ल्या देऊन येतो पयले."

"बरं. येतो मंग मी."

"या."