साळ्याची तोफ

अख्ख्या भंडारा जिल्ह्यात, आणि गोंदिया वेगळा व्हायच्या आधीचा मोठा जिल्हा धरला तरी त्यातही, माझ्या साळ्याइतके किल्ले कोणी पाडले नसतील. दुःख एवढंच, की ते सगळे किल्ले मी बांधलेले होते.

किल्ले अर्थात कागदावरचे. पुण्याला शिकताना मला एका खेळाचा नाद लागला होता. एकाने सूत्रधार होऊन राज्यं, राक्षस, किल्ले रचायचे, बाकीच्यांनी वीर किंवा मांत्रिक होऊन त्यात शिरायचं, आणि अवघड काम साधलं की नाही ते पासा टाकून ठरवायचं: आकडा मोठा तर काम फत्ते, एक पडला तर सत्यानाश. मोहाडीला नोकरी लागल्यावर दर रविवारी दुपारी साळा आणि शेजारची चार माणसं जमवून आमच्या ओसरीवर मी तो सुरू केला. सूत्रधार मीच, कारण नियमांची तीन जाडजूड इंग्रजी पुस्तकं मी एकट्यानेच वाचली होती. साळा दहावीला दोनदा बसलेला, घरच्या हातमागावर साड्या विणणारा. कीव येऊन त्याला मांत्रिक केला आणि अगदी किरकोळ मंत्र दिले: वस्तू वीतभर तरंगवण्याचा, वारा सोडण्याचा, पाणी तापवण्याचा आणि कुठलंही झाकण घट्ट बसवण्याचा.

"भाऊजी, किल्ल्याखालच्या या गावात धानाची लोखंडी कोठी भेटन का जी?" त्याने पहिल्याच रविवारी भोळेपणाने विचारलं. भेटेल, म्हटलं. त्याने कोठीत पाणी भरलं, झाकण मंत्राने पक्कं केलं, कोठी आडवी तरंगवून वाऱ्याने ढकलत किल्ल्यासमोर नेली आणि पाणी तापवत बसला. आत वाफ कोंडली. मग त्याने फक्त झाकणाचा मंत्र सोडला आणि झाकण तोफगोळ्यासारखं सुटलं. तीन आठवडे खपून आंबागडाच्या धर्तीवर रचलेल्या माझ्या किल्ल्याचा दरवाजा चहा यायच्या आत उडाला. बायकोने टाळ्या वाजवल्या. माझ्या नव्हे, तिच्या भावाच्या नावाने.

पुढे तर त्याला सगळीकडे तोफाच दिसू लागल्या. दिघोरीच्या एका लग्नात तो भाताच्या गंजाचं झाकण पुन्हा पुन्हा उचलून पाहत राहिला. पोरगा उपाशी दिसतो म्हणून आचाऱ्याने त्याला पंगतीआधीच जेवायला बसवलं. आणि मी? मी पुस्तकं चाळून त्याचं काही नियमाबाहेर जातंय का ते शोधायचो. काहीच जात नसे. "तुमचे किल्ले लय चांगले रायतात," बायको म्हणायची, "पाडायले."

एका रविवारी त्याने सहा कोठ्यांचं तरंगतं गाडं सजवलं. पुस्तकाच्या आडोशाला मी वीस बाजूंचा पासा टाकला. अठरा पडले. मी म्हणालो, "एक. कोठ्या जागीच फुटल्या. तुझा मांत्रिक गेला."

तो जरा वेळ पाशाच्या दिशेने बघत राहिला. "फुटल्या असन जी," तो म्हणाला. "पत्रा जुना होता."

पुढच्या रविवारी तो साधा तलवारवाला होऊन आला. समोर येईल त्यावर वार करायचा, बस. माझे किल्ले उभे राहू लागले आणि लोक जांभया देऊ लागले. दोन महिन्यांनी हातमाग बंद करून तो इचलकरंजीला यंत्रमागावर कामाला गेला, आणि खेळही मोडला.

वर्षभर ते अठरा मला टोचत होते. शेवटी एकदा फोनवर सांगून टाकलं.

"मले दिसले होते जी," तो म्हणाला. "पुस्तक तिरपं धरलं होतं तुमी."

"मंग बोलला काहून नाही?"

"तुमी केवढे खुश दिसून राहिले होते! मनलं, भाऊजीचा एक किल्ला तरी राहू दे."

इतके रविवार मी त्याच्या डोक्याचा हेवा केला होता. त्या दिवशी मनाचाही वाटला. "दिवाळीले ये," मी म्हणालो. "येतो जी," तो म्हणाला. पुढेही काहीतरी बोलला, पण यंत्रमागांच्या खडखडाटात ते मला ऐकू आलं नाही.