स्वीडन, इटली, पॅराग्वे

दर चार वर्षांनी फुटबॉलचा विश्वचषक सुरू व्हायचा, त्या दिवशी परबकाका आमच्या चाळीच्या जिन्याजवळच्या भिंतीवर खडूने तीन नावं लिहायचे. स्वीडन, इटली, पॅराग्वे. चौथ्या नावाची जागा कोरी. मग खाली त्या वर्षीचा तक्ता.

"काका, हे तिघे यंदा एका गटात नाहीतच," कुणीतरी म्हणायचंच.

"यंदाचा नाय रे. हा पन्नास सालचा गट. ब्राझीलमधला. चौथे आपण होतो. बोलावणं आलेलं आपल्याला, आणि आपण गेलो नाय."

काका विक्रोळीच्या एका कारखान्यात टर्नर होते आणि कारखान्याच्या संघात राइट बॅक. मूळचे मालवणकडचे. आमची खोली त्यांच्या शेजारची. बाबा त्याच कारखान्यात हमाली करायचे, आई चार घरची भांडी घासायची. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली, हे मी आजही कुणी न विचारता सांगते. काका तर मी बारावी व्हायच्या आधीपासूनच मला ग्रॅज्युएट म्हणायचे. "काय गो ग्रॅज्युएट, पाणी भरलंस काय?"

विश्वचषकाचा इतिहास ते गावच्या भावकीतल्या भांडणासारखा रंगवून सांगायचे. त्याच पन्नास साली उरुग्वेने ब्राझीलला त्यांच्याच मैदानात हरवलं, ते सांगताना तर उभेच राहायचे. "आपल्या उपनगरात मावेल एवढा देश! दोन लाख माणसं ओरडायला आलेली, मुकाट घरी गेली."

"मग आपण का नाही गेलो?" मी विचारायचे. कुणी म्हणतं बूट नव्हते, कुणी म्हणतं बोटीचा प्रवास लांबचा होता. काका हात झटकायचे. "कारणं रग्गड मिळतात गो. बोलावणा इला ना, की जावचा. हरूक तरी जावचा." म्हणजे हरायला का होईना, पण जायचं.

बी.कॉम. झाल्यावर अंधेरीच्या एका कंपनीतून मला मुलाखतीचं बोलावणं आलं. आदल्या संध्याकाळी मी आईला सांगून टाकलं, मी जाणार नाही. तिथे सगळ्या फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्या मुली असणार. आमच्या भिंती पातळ. काका दारात येऊन उभे राहिले.

"एक सांगतो. काकीला पण सांगितलं नाय अजून. राज्याच्या संघाच्या निवडीचं पत्र आलेलं मला. मैदानाच्या गेटापर्यंत गेलो. आत पोरं बुटांच्या नाड्या बांधत होती. माझ्या कॅनव्हासच्या बुटातून अंगठा बाहेर. तिथूनच फिरलो. घरी सांगितलं, निवड झाली नाय."

दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याबरोबर आले आणि कंपनीच्या गेटाशी थांबले. "मी हयच उभो आसंय. परत फिरलीस तर माझ्या अंगावरून जावं लागेल." तीन तास उभे होते. मी बाहेर येऊन नोकरी मिळाली म्हणून सांगितलं, तर शर्टाच्या बाहीने डोळे पुसत म्हणाले, "चल, चा पिऊ. उन्हाने वाट लागली माझी."

पुढे आम्ही अंधेरीला फ्लॅटमध्ये राहायला गेलो. कतारच्या विश्वचषकाच्या वेळी काकांचा फोन आला. तेव्हा त्यांचं डायलिसिस चालू होतं. आवाज पार खोल गेलेला. "ग्रॅज्युएट, रविवारी फायनल. बघायला ये. या खेपेला तक्ता स्टुलावर बसून लिवलाय."

"काका, रविवारी ऑफिसचं काम आहे हो. पुढच्या रविवारी नक्की येते."

काम नव्हतं. तीच फायनल बघायला ऑफिसातली मंडळी माझ्या घरी येणार होती. "परबांना इकडेच घेऊन ये की," आई दोनदा म्हणाली. पण त्या सगळ्यांत काका लुंगी सावरत 'हरूक तरी जावचा' म्हणताहेत, असं माझ्या डोळ्यांसमोर आलं आणि मला लाज वाटली. लिहायला जड जातंय, पण खरं तेच आहे. वर त्या संध्याकाळी मी सगळ्यांना पन्नास सालची गोष्टही सांगितली. उरुग्वे, दोन लाख माणसं, आपली रिकामी जागा. "तुला एवढं कसं गं माहीत?" मैत्रिणीने विचारलं.

"वाचलंय कुठेतरी," मी म्हटलं.

फायनलनंतरच्या शुक्रवारी काका गेले.

काकीजवळ जाऊन बसले, तेव्हा ती म्हणाली, "पेनल्टीपर्यंत बसून होते. मधे मधे विचारायचे, ग्रॅज्युएट इली काय? मी म्हटलं, तिनं सांगितलंय ना काम आहे म्हणून. तर म्हणाले, असेल, असेल. मोठ्या हापिसात असता काम."

निघताना जिन्याजवळ थांबले. तक्ता तसाच होता. फायनलचे आकडेसुद्धा भरले होते, पण ते ओळीखाली घसरले होते. सर्वांत वर तीन नावं आणि चौथी जागा कोरी.

काका निदान गेटापर्यंत तरी गेले होते.